उणे निरंक

परवा फोनवर थोरलीने मला तिचं सध्याचं काम समजावून सांगायचा प्रयत्न केला. मी वही-पेन घेऊनच बसले होते, कारण एकदा ऐकून आता माझ्या लक्षात राहत नाही. ती म्हणाली, आजी, आम्ही लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारा जो कंपायलर असतो, तो प्रोग्रॅम चालण्याआधीच अंदाज बांधतो, की अमुक जागची संख्या कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती असेल. ती शून्य ते शंभरच्या आतलीच असणार असं त्याला कळलं, तर "ही शून्यापेक्षा लहान आहे का" हा प्रश्न तो काढूनच टाकतो. उत्तर माहीत असलेला प्रश्न कशाला विचारायचा? पण कधी कधी त्या जागी संख्याच नसते. शून्याला शून्याने भागलं की जे हाती येतं, त्याला 'नॉट अ नंबर' म्हणतात. ते शून्याहून लहान नाही, मोठं नाही आणि शून्यही नाही. तरी त्याला अधिक किंवा उणे असं चिन्ह मात्र असतं.

"संख्या नाही, पण चिन्ह आहे," ती म्हणाली. "अंदाज बांधताना त्या चिन्हाचं काय करायचं, यावर आमच्याकडे दोन महिने वाद चाललेत. तुला नाही कळायचं, आजी. आम्हालाच कळत नाहीये."

मी म्हटलं, "मला भेटलंय ते. चिखल्याजवळ."

ती हसली. मी दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलते आहे, असं तिला वाटलं असणार. म्हणून तुम्हा धाकट्या दोघांसाठीही हे लिहून ठेवते. क्रमाने लिहायचा प्रयत्न करते, पण एक आधीच सांगते. ते प्रकरण मला तेव्हाही पूर्ण कळलं नव्हतं. परवा फोनवर कळल्यासारखं वाटलं, ते वही मिटेपर्यंतच टिकलं.

नागपूरला इंग्रजीतून शिकून, गणित घेऊन मी बी.एस्सी. झाले आणि लग्न होऊन थेट भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला येऊन पडले. चिखल्याहून सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावर मँगनीजची एक लहान खाण होती. आता ती बंद आहे. तुमचे आजोबा तिथल्या कॉलनीच्या शाळेत शिकवत. सत्तरच्या दशकात कधीतरी मला खाणीच्या सर्व्हे ऑफिसात नोंदी ठेवायचं काम मिळालं. मोजमाप घेणारे दुसरे, रजिस्टर माझं.

खाण जमिनीखाली होती. खालून दगड काढला की वरची जमीन हळूहळू बसण्याची भीती असते. म्हणून वर, शेतांतून आणि घरांमधून, ठिकठिकाणी लोखंडी खुंट्या ठोकलेल्या होत्या. हातभर लांब सळई, वर गोल डोकं, शेजारी पांढऱ्या रंगाने आकडा. दर तीन आठवड्यांनी लेव्हलच्या दुर्बिणीतून प्रत्येक खुंटीची उंची पाहायची आणि पहिल्या उंचीशी ताडायची. वर आली असेल तर अधिक, खाली गेली असेल तर उणे. मिलिमीटरमध्ये. उणे पाचच्या पलीकडे गेली की सगळ्यांचे चेहरे बदलत.

माझ्या रजिस्टरात मी एक नियम केला होता. एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही. रिकामा रकाना म्हणजे उघडं दार, मागून कोणीही काहीही आत घालू शकतं. जिथे लिहायला काही नसेल तिथे 'निरंक' लिहायचं. हा शब्द तुम्हाला माहीत नसेल. आपल्या सरकारी कागदांवर तो सगळीकडे असतो. गावात साथीचे रोगी किती? निरंक. पडकी घरं किती? निरंक. म्हणजे काही नाही. मी तो इतक्या वेळा लिहिला होता, की त्याच्यात 'अंक' हा शब्द आहे हेही माझ्या डोळ्यांना दिसेनासं झालं होतं.

खुंट्यांकडे जाणारा माणूस होता आमचा खलाशी. खलाशी म्हटल्यावर तुम्ही जहाज डोळ्यांसमोर आणाल. सर्व्हेत खलाशी म्हणजे मोजणीचं सामान वाहणारा, पट्टी धरून उभा राहणारा. तो निवृत्तीला आला होता आणि प्रत्येक खुंटी त्याला नात्यातल्या माणसासारखी ठाऊक होती. मोजणी करून आला की माझ्या टेबलासमोर उभा राहून आपल्या लहान वहीतून वाचायचा.

"पंधरा, उणे एक. सोळा, अधिक एक. सतरा, निरंक."

"निरंक?"

"निरंक, बाई. तुमचाच शब्द आहे."

मी लिहायची. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी उन्हाळ्यात सतरा नंबर एकामागून एक चार वेळा निरंक आला. मला वाटलं, किती गुणी खुंटी आहे, जागची हलत नाही.

त्याच वर्षी ऑफिसात कॉम्प्युटर आला. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. त्याच्यासाठी एक खोली चुन्याने पांढरी केली, खिडकीला हिरवा पडदा लावला आणि आत जाताना चप्पल बाहेर काढायची सोय झाली. नागपूरहून दर शनिवारी एक तरुण इंजिनिअर यायचा. खुंट्यांच्या नोंदी मशीनमध्ये घालायच्या आणि दर तिमाहीला प्रत्येक खुंटी सरासरी किती सरकली ते छापून घ्यायचं, असा प्रोग्रॅम त्याने लिहिला होता. माझं रजिस्टर घेऊन तो टाइप करत बसला. मध्येच त्या खोलीतून त्याने विचारलं,

"मॅडम, निरंक म्हणजे ब्लँक ना?"

मी दुसऱ्या एका तक्त्याची बेरीज करत होते. मी म्हटलं, "हो."

पुढे मी या एका शब्दावर पुष्कळ विचार केला. त्याने "निरंक म्हणजे झिरो ना?" असं विचारलं असतं, तरीही मी "हो"च म्हटलं असतं.

कागद छापून आला. कडेला भोकं असलेला, पंख्यासारख्या घड्या पडलेला लांब कागद. सर्व्हेचे साहेब पुण्याकडचे होते. त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, "बाई, मला सगळं वाचायला वेळ नाही. मायनस जिथे जिथे असेल तिथे लाल रेघ मारून द्या." मी पट्टी ठेवून एकेक ओळ खाली सरकत गेले. सतराव्या ओळीत आकड्याच्या जागी तीन इंग्रजी अक्षरं होती. एन, ए, एन. त्यांच्या आधी स्पष्ट उणे चिन्ह, आणि शेवटी तारा. पाच मिलिमीटरच्या मर्यादेबाहेर गेलेल्या खुंटीसमोर मशीन तारा छापायचं.

मी डिक्शनरी काढली. 'नॅन' म्हणजे लहान मुलांच्या बोलीत आजी. उणे आजी. मी डिक्शनरी परत ठेवली. एखादं संक्षिप्त रूप असेल, साहेबांना माहीत असेल, असं समजून मी नेमाप्रमाणे लाल रेघ मारली. उणे होतं, म्हणून मारली.

सतरा नंबरची खुंटी एका बाईच्या घरामागे होती. ती आमच्या ऑफिससमोरच्या शेडमध्ये मँगनीज निवडायला बसायची, हातोडीने दगड फोडून चांगला-वाईट वेगळा करायची. नवरा गेल्यावर तिने कॉलनीतली खोली सोडून जवळच, स्वतःच्या हाताने, मातीचं घर उभं केलं होतं. दोन खोल्या, आणि मागे सांदवाडी, म्हणजे परसातला भाजीचा तुकडा. दुपारी डबा खाताना ती त्या घराबद्दल असं बोलायची, जसं आम्ही मुलांबद्दल बोलायचो.

साहेब कागद घेऊन तिच्या घरी गेले. मागच्या भिंतीला भेग होती. उन्हाळ्यात मातीच्या कुठल्या भिंतीला नसते? पण हातात लाल रेघ असलेला कागद असला, की भेग वेगळी दिसते. परत येऊन त्यांनी मला पत्र लिहायला सांगितलं. घर बसण्याचा धोका आहे, पावसाळ्याआधी रिकामं करावं, नंतर ते पाडण्यात येईल. ते पत्र मीच लिहिलं. अक्षर चांगलं असण्याचे तोटेही असतात.

दुसऱ्या दिवशी ती बाई हातातली हातोडी घेऊन तशीच ऑफिसात आली.

"बाई, माह्या घराखाली काय हाये?"

"अगं, खुंटी खाली गेली आहे म्हणतात."

"किती?"

मी कागद काढला. बोट सतरावर ठेवलं. आणि तिथे मला पहिल्यांदा दिसलं, की 'किती' याचं उत्तर त्या कागदावर नाही. उणे आहे, पुढे किती ते नाही.

"किती ते लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"मंग गेली हे कोनं पाह्यलं?"

मी खलाशाला हाक मारली. तो दारात उभा राहिला. तिने त्यालाच धरलं.

"काहून गा, माहा घर तूनं मोजला?"

"म्या कुठं मोजलो? म्या त निरंक सांगतलो."

"निरंक मंजे काय?"

खलाशाने माझ्याकडे पाहिलं. "ते बाईले मालूम."

मी शनिवारची वाट पाहिली. इंजिनिअर आल्यावर त्याच्यासमोर कागद ठेवला आणि विचारलं, की ही तीन अक्षरं काय आहेत. त्याने पाहिलं आणि चष्मा काढून पुसला.

"हे छापून यायलाच नको होतं, मॅडम."

"पण आलं आहे."

"नॉट अ नंबर. बेरीज शून्य, आणि किती वेळा मोजलं तेही शून्य. शून्य भागिले शून्य. तुम्हीच म्हणाल्या होत्या ना, निरंक म्हणजे ब्लँक? मी ब्लँक सोडले."

"मग मशीन थांबलं का नाही?"

"मध्येच थांबू नये म्हणून मी चुकीच्या भागाकाराचा इशारा बंद करून ठेवला होता. त्याच्याऐवजी एक प्रश्न टाकला होता. ही संख्या स्वतःच्या बरोबर आहे का? नसेल तर 'पुन्हा तपासा' असं छाप. फक्त ही एकच गोष्ट अशी आहे, मॅडम, की ती स्वतःच्या बरोबर नसते."

मी ते वहीत लिहून घेतलं. "मग तो प्रश्न कुठे गेला?"

तो बराच वेळ मशीनच्या पडद्यावरच्या ओळी वरखाली करत बसला. चहा आला आणि थंड झाला. शेवटी त्याने सांगितलं, ते मी त्याच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांत मला ते नीट बसवता येत नाही.

"रिपोर्ट लवकर निघावा म्हणून मी कंपायलरला म्हटलं होतं, जोरात चालणारा प्रोग्रॅम दे. त्यानं विचार केला, संख्या म्हटली की ती लहान तरी असन, मोठी तरी असन, नाही तर बरोबर असन. स्वतःच्या बरोबर नाही अशी कोणती वस्तू जगात असते? आणि त्यानं माझी ओळच उडवली. शहाणपणा करून राहिला होता तो."

"तुम्हाला न विचारता?"

"विचारलं तर नाहीच, सांगितलंही नाही."

"आणि तारा?"

"मी लिहिलं होतं, उणे पाच ते अधिक पाचच्या आत असेल तर काही नाही, नाहीतर तारा. हे आत नव्हतं. बाहेरही नव्हतं, पण ते कोणी विचारलं नाही."

मला जे खरं विचारायचं होतं ते अजून राहिलं होतं. "आणि उणे? उणे कुठून आलं?"

त्याने काही अक्षरं दाबली आणि शून्याला शून्याने भागलं. उणे एन-ए-एन. पुन्हा भागलं. पुन्हा तेच. मग त्याच्या आधी स्वतः एक उणे चिन्ह लावलं. या वेळी अधिक आलं.

"हे मशीन असंच देतं. पहिल्यांदा उणेच देतं. दुसरं मशीन अधिक देऊ शकतं."

"म्हणजे त्या उण्याचा अर्थ काय?"

"काही नाही, मॅडम."

"म्हणजे निरंक?"

तो हसला. मी हसले नाही, कारण तो शब्द आता मला अक्षर अक्षर सुटा दिसू लागला होता. निर्, अंक. ज्याला अंक नाही ते. त्याचा इतका सरळ अर्थ माझ्या रजिस्टरात चार ठिकाणी माझ्याच हस्ताक्षरात लिहिलेला होता, आणि मी त्याला शून्य समजत होते.

मी साहेबांकडे गेले. मनात सगळं क्रमाने लावून गेले होते, तरी बोलणं असं झालं:

"साहेब, सतराचं उणे खरं नाही."

"मग प्लस आहे का?"

"नाही."

"मग शून्य आहे, हललीच नाही?"

"तसंही नाही."

"बाई, तिन्ही नाही म्हणता. चौथं काय असतं?"

"मोजलेलंच नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग घर पाडायचं की नाही, एवढं मला सांगा."

"ते या कागदावरून सांगता येत नाही."

"नाही ना? मग पाडलेलंच बरं. न मोजलेल्या घरात पावसाळ्यात भिंत पडली, तर तुमचं निरंक मी कोणाला दाखवू?"

ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. मी तिच्या बाजूने भांडायला गेले होते आणि तिचं घर सुरक्षित आहे असं म्हणायला माझ्याकडे काहीही नव्हतं. फक्त ते असुरक्षित आहे असंही म्हणता येत नाही, एवढंच होतं. अर्ध्या वाटेवर थांबलेलं म्हणणं ऑफिसात कुठल्याच फाइलला लावता येत नाही.

"मग आता मोजू या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब, खलाशी आणि मी, तिघं तिच्या घरी गेलो. मी त्या ऑफिसात इतकी वर्षं होते, पण एकही खुंटी तोवर प्रत्यक्ष पाहिली नव्हती. माझ्यासाठी त्या रजिस्टरातल्या ओळी होत्या. सांदवाडीत मध्यभागी जमीन छान सारवलेली होती आणि तिच्यावर मोहाची फुलं वाळत घातली होती. गोड, आंबूस वास येत होता. खुंटी कुठेच नव्हती.

साहेबांनी खलाशाकडे पाहिलं. "कुठे आहे सतरा?"

"नाई दिसून राहिली, साहेब."

"किती दिवसांपासून?"

"मोह पडाले लागले तवापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगतलो ना. चारही बार सांगतलो. निरंक."

बाईने पदर खोचला, मोहाची फुलं दोन्ही हातांनी बाजूला केली आणि सारवणावर एका जागी पाय ठेवला.

"अठी हाये. पाय ठेचत जाय त्यानं. लेकरं पडत. मंग म्या दगडानं ठोकलो आन् वरून सारवलो."

"ठोकली?" साहेब म्हणाले. "अगं बाई, सरकारी खुंटी आहे ती."

"माह्या आंगनात हाये नं, साहेब."

खलाशाने सारवण उकरलं. खुंटीचं गोल डोकं निघालं. त्याच्यावर पट्टी धरली, साहेबांनी दुर्बिणीतून पाहिलं, मी लिहिलं. उणे एकेचाळीस.

इतके दिवस मी ज्या आकड्याची वाट पाहत होते तो आला होता. तो खरा आकडा होता, त्याच्यामागे खरं उणे होतं, आणि तो आमच्या मर्यादेच्या आठपट होता.

बाईने माझ्या वहीत डोकावून पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण आमचे चेहरे वाचता येत होते.

"काय आलं?"

"एकेचाळीस. खाली."

"त म्या चार घाव घातले ना त्याले. थांबा." ती आत गेली आणि एक काळा, गोल दगड घेऊन आली. "ह्या दगडानं. पुन्ना दाखवू?"

"नको," साहेब आणि मी एकदमच म्हणालो.

जमीन खचली नव्हती, खुंटी ठोकली गेली होती. की खुंटी ठोकली गेली होती आणि जमीनही थोडी खचली होती? एकेचाळिसातले तिच्या दगडाचे किती आणि खाणीचे किती? आधी माझ्याकडे संख्या नव्हती आणि चिन्ह होतं. आता संख्या होती, चिन्ह होतं, आणि तरी मला काहीच कळलेलं नव्हतं. इंजिनिअर तिथे असता तर मी त्याला विचारलं असतं, की खरी दिसणारी पण खोटी असलेली संख्या मशीनला कळते का? परवा थोरलीला हे विचारायचं राहिलं.

बराच वेळ मोहाच्या झाडाखाली उभं राहून बोलणं झालं. साहेब म्हणाले, घर आत्ता पाडत नाही, पण पावसाळ्यात तिथे झोपायचंही नाही. नवी खुंटी सिमेंटमध्ये बसवायची आणि वर झाकण ठेवायचं. भिंतीच्या भेगेवर तीन ठिकाणी काचेच्या पट्ट्या, दोन्ही टोकं सिमेंटने धरून, आडव्या चिकटवायच्या. भेग केसभर जरी वाढली तरी काच तडकते. दिवाळीपर्यंत पाहायचं.

"आन् मंग?" बाईने विचारलं.

"मग ठरवू."

"मंजे अजून मालूम नाई."

"नाही," साहेब म्हणाले. माहीत नाही असं ते कबूल करताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

तिने सामान बांधलं. गोधड्या, डबे, देव, सगळ्याची चार गाठोडी करून पुढच्या खोलीत ठेवली. रात्री ती कॉलनीत बहिणीकडे झोपायची, सकाळी येऊन दोन भांड्यांवर स्वयंपाक करायची. गाठोडी सोडायची नाहीत आणि हलवायचीही नाहीत, असं तिने ठरवलं होतं. "जाणं झालं त जाईन, राहणं झालं त राहीन. पन मले मधी काहून टांगलं, बाई?" ती डबा खाताना विचारायची. मध्ये टांगणारा शब्द माझाच होता, हे तिला मी सांगितलं नाही. आता तुम्हाला सांगते.

त्या पावसाळ्यात ती रोज शेडमध्ये बसायच्या आधी माझ्या खिडकीशी येऊन सांगायची, "तिन्ही काचा साबूत." मी वहीत टिपून ठेवायची. एके दिवशी म्हणाली, "दोन साबूत." खलाशी पळत गेला. मधली काच फुटली होती आणि खाली शेजारच्या पोरांची विटी पडलेली होती. भेग वाढून फुटली की विटी लागून? खलाशी म्हणाला, विटी. साहेब म्हणाले, सांगता येत नाही. मी त्या तारखेसमोर काय लिहावं म्हणून पेन हातात धरून बसले. निरंक लिहिणार नव्हते. शेवटी मी लिहिलं, "फुटली. का ते पाहिलेलं नाही."

तेव्हापासून मी रजिस्टरात दोन वेगळ्या गोष्टी लिहू लागले. हललं नसेल तिथे 'शून्य' आणि मोजलं नसेल तिथे 'मोजलेलं नाही'. रकाना अरुंद होता, अक्षरं दोन ओळींत यायची, पान विस्कटलेलं दिसायचं. तिमाहीच्या शेवटी वरच्या ऑफिसातून रजिस्टर परत आलं. सोबत चिठ्ठी होती, की अशा ठिकाणी प्रचलित शब्द 'निरंक' वापरावा. तुमचे आजोबा म्हणाले, "वापर की, एका शब्दाने काय होतं?" मी त्या दिवशी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. इंजिनिअरने मात्र आपला उडालेला प्रश्न परत बसवला आणि कंपायलरला घाई करू नकोस म्हणून सांगितलं. रिपोर्टला दुप्पट वेळ लागू लागला. त्यात आता काही ओळी 'पुन्हा तपासा' अशा यायच्या आणि त्यांच्यापुढे चिन्ह नसायचं.

पाऊस संपला. भात कापणीला आला. दिवाळीच्या आधी साहेबांनी नव्या खुंटीचं शेवटचं वाचन घेतलं. मी आकडा लिहिला, पुन्हा वाचला आणि स्वतःच निघाले. ऑफिसातून तिच्या घरापर्यंत चालत जायला दहा मिनिटं लागत. वाटेत मी तो आकडा मनात धरून चालले होते, सांडू नये म्हणून.

ती उंबऱ्यावर बसून मोहाच्या टोपल्या झटकत होती. मागे खोलीत चारही गाठोडी तशीच होती. वर धूळ बसली होती.

"घर राहिलं तुझं," मी म्हटलं. "साहेबांनी सही केली."

ती लगेच उठली नाही. "किती आलं?"

"एक."

"खाली?"

"नाही. अधिक. वर."

तिने टोपली खाली ठेवली. आत गेली, पहिल्या गाठोड्याची गाठ सोडायला लागली. गाठ सहा महिन्यांची होती, सुटेना. ती दातांनी ओढत होती. मध्येच थांबून तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या कपाळाला आठ्या होत्या.

"वर?" ती म्हणाली. "आता वर काहून जाऊन राह्यलं, बाई?"

माती पाणी पिऊन फुगते, असं साहेब म्हणाले होते. मी तिला तेच सांगायला तोंड उघडलं, पण साहेब ते सांगताना 'बहुतेक' म्हणाले होते हे मला आठवलं. मी तिच्याजवळ खाली बसले आणि गाठीचं दुसरं टोक धरलं.

"मले मालूम नाई," मी म्हटलं.